दिवस गेलेत, नाव कुठे घालायचं?

यावेळी आलेल्या पत्रांत गरोदरपणाचे प्रश्नच जास्त आहेत आणि बऱ्याच जणींचा घोळ एकाच ठिकाणी होतोय, म्हणून उत्तरांच्या आधी तेवढं सांगून टाकते. दवाखाना खाजगी असो, डॉक्टर नात्यातले असोत, पॉलिसी असो नाहीतर नसो, दिवस गेल्याचं कळलं की पहिल्या १२ आठवड्यांच्या आत आपल्या भागातल्या आशाताईंकडे किंवा एएनएम सिस्टरकडे (उपकेंद्रातल्या नर्सकडे) नाव घाला. "ते गरिबांसाठी असतं" असं खूप जणी म्हणतात, तसं अजिबात नाहीये. नाव घातलं की माता बाल संरक्षण कार्ड मिळतं, आरसीएच नंबर (सरकारी गरोदरपणाच्या नोंदीचा नंबर) पडतो, आणि मोफत तपासण्या, मातृवंदना योजनेत सरकारकडून आईला मिळणारे पैसे, बाळाच्या लसी हे सगळं पुढे त्या नोंदीवरच चालतं. खाजगीत दाखवणं चालूच ठेवा, त्याला कोणी हरकत घेत नाही.

प्रश्न: ताई, मी चाकणला एका कंपनीत ठेकेदाराकडून लागलेय, दीड वर्ष झालं, पगार १७ हजार. तिसरा महिना चालू आहे. सुपरवायझरला सांगितलं तर म्हणाले सुट्टी घे पण बिनपगारी, आणि परत आल्यावर जागा असेलच असं नाही. नवऱ्याचं काम पण कधी असतं कधी नसतं. मी काय करू?

उत्तर: आधी तुझी पगाराची स्लिप काढ आणि त्यात ईएसआय (सरकारी कामगार विमा) नावाची कपात दिसते का ते बघ. तुझ्या पगाराच्या पाऊण टक्का, म्हणजे १७ हजारावर साधारण सव्वाशे-एकशेतीस रुपये कापले जात असतील. २१ हजारांपर्यंत पगार असणाऱ्यांना ही योजना लागू आहे, ठेकेदाराकडचे असले तरी. कपात होत असेल तर तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालंच, कारण बाळंतपणाच्या रजेचे पैसे तुला कंपनीने किंवा ठेकेदाराने द्यायचेच नाहीयेत, ते ईएसआयसी, म्हणजे हा विमा चालवणारं सरकारी महामंडळ, थेट तुझ्या बँक खात्यात टाकते. २६ आठवडे, आणि पूर्ण सरासरी मजुरीच्या दराने. त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाच्या आधी घेता येतात. म्हणजे सुपरवायझर "बिनपगारी" म्हणतो तेव्हा त्याच्या हिशोबाने तो बरोबरच असेल, त्याच्याकडून पगार येणार नाही, पण तू त्यावरून असं समजून बसू नकोस की तुला काहीच मिळणार नाही. कितीतरी मुली इथेच राजीनामा लिहून देऊन घरी जातात आणि हक्काचे सहा महिन्यांचे पैसे सोडून देतात, मला त्याचं फार वाईट वाटतं.

अट एवढीच की बाळंतपणाच्या आधीच्या लागोपाठच्या दोन वर्गणी-काळात मिळून निदान ७० दिवसांची वर्गणी भरलेली हवी. वर्गणी-काळ म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. दीड वर्ष सलग काम आहे तर तुझे ७० दिवस सहज भरतील, पण ठेकेदाराने कापलेले पैसे खरंच भरलेत का हे तू स्वतः बघ, आपल्या विमा नंबरावरून ऑनलाइन दिसतं, नाही जमलं तर ईएसआयसीच्या शाखा कार्यालयात जाऊन विचार. ठेकेदार बदलला तर नवीन नंबर काढू देऊ नकोस, तुझा नंबर तोच राहतो आणि जुने दिवस त्याच्यावरच मोजले जातात.

आणि एक, नुसतं तोंडी सांगू नकोस. एका कागदावर साध्या मराठीत लिही की मी गरोदर आहे, अंदाजे तारीख अमुक, रजा अमुक दिवसापासून हवी आहे, सोबत डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोड, आणि दुसऱ्या प्रतीवर "मिळाले" म्हणून सही-शिक्का घे. सही देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठव. या रजेवर असताना कामावरून काढता येत नाही, कायद्याने मनाई आहे, पण भांडायची वेळ आली तर तुझ्या हातात तारीख असलेला कागद पाहिजे. तपासण्या, औषधं, बाळंतपण सगळं ईएसआयसीच्या दवाखान्यातून मोफत होतं, तिथे लांब पडत असेल तर तपासणी जवळच्या सरकारी दवाखान्यात कर, पण ईएसआयसीच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट मात्र वेळेत घे कारण पैसे त्याच्यावर निघतात.

ज्या जणींचा पगार २१ हजाराच्या वर आहे त्यांच्यासाठी: १० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी कायद्याने कंपनीनेच २६ आठवडे पगारी रजा द्यायची असते. आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असलं की झालं. आधीची दोन मुलं असतील तर पुढच्या वेळी १२ आठवडे. गर्भपात झाला तरी ६ आठवड्यांची रजा आहे, हे फार कमी जणींना माहीत असतं.

प्रश्न: लग्नाला सात महिने झालेत, मिसेसला दुसरा महिना आहे. एक एजंट म्हणतोय की आत्ता पॉलिसी घ्या, डिलिव्हरी कव्हर होईल. पुण्यातल्या हॉस्पिटलांची पॅकेजेस ऐकून टेन्शन आलंय. घ्यावी का?

उत्तर: डिलिव्हरीसाठी म्हणून घेत असाल तर नका घेऊ. वैयक्तिक पॉलिसीत बाळंतपणाचा खर्च मुळात वगळलेलाच असतो, सिझेरियनसकट, आणि ज्या पॉलिसींत तो वेगळा घेता येतो त्यांत थांबण्याचा काळ असतो, काहींत ९ महिने तर बऱ्याच ठिकाणी २ ते ४ वर्षं. दिवस गेल्यानंतर घेतलेल्या पॉलिसीतून हे बाळंतपण बसत नाही. एजंट जर म्हणाला की पाळीची तारीख जरा पुढची सांगू, तर त्याला दारातूनच परत पाठवा, सोनोग्राफीच्या रिपोर्टवर आठवडे स्पष्ट लिहिलेले असतात, क्लेम तर जाईलच आणि पॉलिसीही रद्द होईल. एक अपवाद माहीत असू द्या, गर्भ नळीत राहिला तर त्याचं ऑपरेशन बाळंतपण म्हणून वगळता येत नाही.

तुम्ही किंवा मिसेस नोकरीत असाल तर कंपनीची ग्रुप पॉलिसी बघा, खरा आधार तिथे आहे. बऱ्याच ग्रुप पॉलिसींत बाळंतपण पहिल्या दिवसापासून असतं. पण लग्न झाल्यावर बायकोचं नाव ठराविक दिवसांतच घालावं लागतं आणि लग्नाच्या गडबडीत ते राहून जातं, तुमचं राहिलं असेल तर आजच एचआरला मेल टाका आणि पुढचं रिन्युअल कधी आहे ते विचारा, बाळंतपणाच्या आधी येत असेल तर तेव्हा नाव घालता येईल. मेलमध्ये हे पण विचारा: बाळंतपणाची मर्यादा किती, नॉर्मल आणि सिझरला वेगवेगळी आहे का, आधीच्या तपासण्यांचा खर्च त्याच मर्यादेत आहे का, आणि बाळ पहिल्या दिवसापासून कव्हर आहे का. या शेवटच्या प्रश्नाकडे कोणाचं लक्ष नसतं. पॉलिसी ५ लाखांची असली तरी बाळंतपणाला त्यातले ५०-६० हजारच असू शकतात, आणि बाळाला एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) ठेवायची वेळ आली तर ते बिल तुमच्या पॅकेजमध्ये नसतं.

काहीच पॉलिसी नसेल तरी घाबरून जाऊ नका. हॉस्पिटलकडून पॅकेज लेखी घ्या आणि त्यात काय नाही ते विचारा, भूलतज्ज्ञांची फी, बालरोगतज्ज्ञांची भेट, रक्त, एनआयसीयूचा रोजचा दर, नॉर्मल ठरलेलं असताना ऐनवेळी सिझर झालं तर फरक किती. आणि त्याच शहरातली मेडिकल कॉलेजची आणि महापालिकेची रुग्णालयं एकदा जाऊन बघा. तिथे गर्दी असते, खाट शेजारी खाट असते, हे खरंय, पण अडलेली केस शेवटी खाजगीतून तिकडेच पाठवली जाते, कारण रक्तपेढी आणि चोवीस तास डॉक्टर तिथे असतात. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही.

प्रश्न: आम्ही धारूर तालुक्यातले, दरसाल ऊसतोडीला जातो. उचल घेऊन झालीये. बायकोला पाचवा महिना आहे, पहिलं लेकरू. दिवाळी झाली की टोळी निघंल. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, मुकादम म्हणतो एकटा आलास तर अर्धाच कोयता धरीन. तिला न्यावं का ठेवावं? तिकडं दवाखाना कोण बघणार?

उत्तर: भाऊ, तुम्ही हे विचारलंत हेच मला फार बरं वाटलं. घरी आई, सासूबाई, नणंद, कोणी तिच्याजवळ राहणारं असेल तर तिला ठेवा, असं मी स्पष्ट सांगेन. पहाटे थंडीत फडात उतरायचं, दिवसभर वाकून तोडायचं, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचं, रात्री गाडी कधी भरायला येईल त्याचा नेम नाही, आणि कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, पाणी लांबून आणायचं, हे सातव्या-आठव्या महिन्यातल्या बाईने करायचं काम नाही. मुकादमाशी हिशोबाचं बोलणं आत्ताच करा, निघायच्या दिवशी नाही, किती उचल अर्ध्या कोयत्याने फिटेल आणि किती पुढच्या साली जाईल ते टोळीतल्या दोघा-तिघांसमोर ठरवा.

पण न्यावंच लागणार असेल, आणि बऱ्याच घरांत दुसरा इलाज नसतो हे मला माहीत आहे, तर निघायच्या आधी एवढं करून घ्या. गावातल्या आशाताईंकडे नाव घातलेलं नसेल तर उद्याच घाला. उपकेंद्रात हिमोग्लोबिन, बीपी, लघवी, रक्तगट, शुगर, एचआयव्ही आणि गुप्तरोगाची तपासणी करून घ्या, सगळी फुकट आहे. हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी, आणि ७ च्या खाली आलं तर प्रवासाचा विचारच करू नका, भरती करा. टीडीची (धनुर्वात-घटसर्पाची) दोन इंजेक्शनं असतात, त्यांत ४ आठवड्यांचं अंतर लागतं, म्हणून पहिलं आत्ताच. रक्तवाढीच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या पुढच्या काही महिन्यांच्या मागून घ्या, सिस्टरला सांगा की आम्ही तोडीला चाललोय. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बाळाचे अवयव नीट बघता येतात, ती गावाकडे असतानाच करून घ्या कारण तिकडे कोण वेळ काढणार. कार्डावर सगळं लिहून घ्या आणि कार्डाचा फोटो तुमच्या आणि तिच्या, दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा, कोपीत पाणी शिरलं नाहीतर उंदराने कागद खाल्ला तरी नंबर राहतो.

कारखान्यावर पोहोचलात की पहिल्या आठवड्यातच त्या गावची आशाताई शोधा. तुम्ही त्या गावचे नाही, त्या जिल्ह्याचे नाही, म्हणून कोणी परत पाठवू शकत नाही, कार्ड दाखवलं की पुढची तपासणी तिथे होते. दर महिन्याच्या ९ तारखेला प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात गरोदर बायांची डॉक्टरकडून तपासणी असते, प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान म्हणतात त्याला, त्या दिवशीचा खाडा झाला तर होऊ द्या. जोखमीचं दिसलं तर कार्डावर लाल स्टिकर लावतात. लाल स्टिकर लागलं की तिने फडात जायचं नाही, त्याच्यावर मुकादमाचं ऐकायचं नाही.

आणि या गोष्टी तिला, तुम्हाला आणि शेजारच्या कोपीतल्या बाईला पाठ पाहिजेत: अंगावरून रक्त जाणं, पाणी जाणं, डोकं खूप दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणं, तोंडावर-हातावर सूज, झटके, ताप, बाळाची हालचाल कमी होणं. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, १०८ ला फोन करा. साध्या कळा सुरू झाल्या तर १०२ ची गाडी पण असते. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, जेवण, दवाखान्यात नेणं आणि परत आणून सोडणं हे सगळं जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात फुकट आहे, २०११ पासून. कोणी बाहेरून औषध आणायला सांगितलं तर कार्यक्रमाचं नाव घेऊन विचारा. बाळ तिकडे जन्मलं तर जन्माची नोंद तिथेच होते, २१ दिवसांच्या आत, आणि दाखला हातात घेऊनच टोळीबरोबर परत या. मागाहून एका कागदासाठी दुसऱ्या जिल्ह्यात खेटे घालायला लागतात, आणि मातृवंदनाचा दुसरा हप्ता त्याच्यावरच अडतो.

प्रश्न: सासर ठाणे, माहेर चिपळूण. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरलंय. अंगणवाडीत मातृवंदनाचा फॉर्म भरला, तीन महिने झाले पैसे नाहीत. आधारवर माहेरचं नाव आहे, बँकेत सासरचं. आणि आम्ही पिवळ्या रेशनकार्डवाले नाही, मिळतं का आम्हाला?

उत्तर: पिवळं रेशनकार्ड ही एकच अट नाही. घरचं वर्षाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तरी बसता, किंवा ई-श्रम कार्ड, आयुष्मान कार्ड, मनरेगाचं जॉब कार्ड, अनुसूचित जाती-जमातीचा दाखला, यातलं काहीही एक चालतं. सरकारी नोकरीत असाल किंवा दुसऱ्या कायद्याने असाच लाभ मिळत असेल तर मात्र नाही.

तुमचे पैसे बहुतेक नावातल्या फरकानेच अडकलेत. या योजनेचे पैसे खाते नंबर बघून येत नाहीत, आधारला जे खातं जोडलेलं असतं त्यात जातात. म्हणून बँकेत जाऊन "केवायसी झालंय का" एवढंच विचारू नका, ते हो म्हणतील आणि तुम्ही परत याल. "माझं खातं डीबीटीसाठी आधारला सीड आहे का", म्हणजे सरकारी पैसे थेट यायला जोडलेलं आहे का, असं विचारा. आणि आधार, बँक, माता बाल संरक्षण कार्ड या तिन्हींवर एकच नाव करा, माहेरचं ठेवा की सासरचं हा तुमचा निर्णय, पण तिन्हीकडे एकच. आधार बदलायला वेळ लागणार असेल तर सोपं म्हणजे बँकेतलंच नाव आधारप्रमाणे करून घ्या. मग अंगणवाडी सेविकेला अर्ज उघडून काय त्रुटी दाखवतोय ते बघायला सांगा.

पहिल्या बाळाला एकूण ५००० रुपये, त्यातले ३००० गरोदरपणाची नोंद आणि निदान एक तपासणी झाल्यावर, आणि २००० बाळाची जन्मनोंद आणि पहिल्या टप्प्यातल्या लसी झाल्यावर. दुसरं बाळ मुलगी असेल तर ६००० एकदम. नवऱ्याचं आधार आता सक्तीचं नाही, हे एकट्या बायकांनी लक्षात ठेवा. माहेरी जाताना कार्ड, सोनोग्राफीचे रिपोर्ट, रक्तगटाचा कागद हे सगळं एका पिशवीत घालून न्या आणि सातव्या महिन्यात चिपळूणच्या आशाताईंना भेटा, नवीन नोंद करू नका, जुनाच आरसीएच नंबर द्या. एका बाईच्या दोन नोंदी झाल्या की पैसे तिथेही अडकतात.

प्रश्न: सरकारी दवाखान्यातल्या लाल गोळ्यांनी शी काळी होते, सासूबाई म्हणतात बाळ पण काळं होईल आणि मोठं होऊन अडेल. गोळ्या बंद केल्या तर चालेल का?

उत्तर: नाही, बंद करू नका. शी काळी होते ती गोळीतल्या लोहाने, अंगात न मुरलेलं लोह तसं बाहेर पडतं. बाळाचा रंग आईबापाकडून येतो, गोळीतून नाही, आणि लोहाने बाळ एवढं मोठं होत नाही की अडेल. उलट रक्त कमी असताना बाळंतपणात थोडा रक्तस्राव झाला तरी जीवावर बेतू शकतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, बाळंतपणापर्यंत निदान १८० गोळ्या, आणि नंतरही १८० दिवस. चहाबरोबर घेऊ नका, चहाने लोह अंगी लागत नाही, लिंबूपाण्याबरोबर घ्या. कॅल्शियमची गोळी त्याच वेळी नको, दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवा. मळमळत असेल तर रात्री जेवून झोपताना घ्या. सासूबाईंना पुढच्या तपासणीला बरोबर न्या, सिस्टरच्या तोंडून ऐकलं की त्यांना पटेल.

प्रश्न: मिस्टर सेंट्रिंगचं काम करतात, नागपूर. बाळंतपणासाठी बांधकाम मंडळाकडून पैसे मिळतात असं ऐकलं.

उत्तर: मिळतात. मिस्टरांची महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी चालू असली पाहिजे, तर पहिल्या दोन बाळंतपणांना नॉर्मलसाठी १५,००० आणि सिझरसाठी २०,००० रुपयांची मदत आहे. नोंदणीला आधीच्या वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नूतनीकरण राहिलंय का ते आधी बघा, अर्ज तिथेच परत येतात. डिस्चार्ज कार्ड आणि जन्मदाखला जपून ठेवा.

प्रश्न: आठवा महिना लागलाय, घरच्या अडचणीमुळे अजून कुठेच नाव घातलं नाही. आता गेले तर ओरडतील, भीती वाटते.

उत्तर: ओरडले तर ओरडू देत, तुम्ही उद्या जा. उशिरा आलात म्हणून सरकारी दवाखाना नाही म्हणू शकत नाही. एका खेपेत बरंच होऊन जातं: बीपी, वजन, लघवी, हिमोग्लोबिन, रक्तगट, सोनोग्राफीची चिठ्ठी, आणि ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी प्यायला देऊन दोन तासांनी साखर बघतात, ती १४० किंवा वर आली तर गरोदरपणातला डायबेटिस धरतात. त्यामुळे दोन-अडीच तास थांबायच्या तयारीने जा, बरोबर कोणीतरी न्या. रक्तगट निगेटिव्ह निघाला आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह असला तर अँटी-डी इंजेक्शनबद्दल लगेच विचारा, ते गरोदरपणातही देतात आणि बाळाचा गट पॉझिटिव्ह आला तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत पुन्हा द्यावं लागतं. आधीचं सिझर झालं असेल, जुळं असेल, बीपी असेल तर पहिल्या वाक्यातच सांगा म्हणजे तुम्हाला रांगेत मागे ठेवणार नाहीत. आधार, बँक पासबुक आणि शेवटच्या पाळीची तारीख लिहून न्या. यातलं काही नसलं तरी जा, तपासणी कागदांसाठी अडत नाही, कागद नंतर करता येतात.